भिंतीवरचा नागरिक

नवरा नागरिक आहे, हे तिला लग्नाआधीच सांगण्यात आलं होतं. खरं तर त्याच्याबद्दल तेवढंच सांगण्यात आलं होतं. शिक्षण काय, नोकरी कसली, स्वभाव कसा, असं काही विचारायला तिच्या वडिलांनी तोंड उघडलं की मध्यस्थ म्हणायचा, "अहो काका, मुलगा तिकडचा सिटिझन आहे!" आणि वडील तोंड मिटायचे. सिटिझन म्हटल्यावर पुढे विचारायचं काय? लग्न झालं आणि आठव्या दिवशी नवरा परत गेला. कागदांची वाट बघत ती दीड वर्ष माहेरी बसून राहिली. एवढा वेळ का लागतोय, असं तिने एकदा फोनवर विचारलं, तर तो म्हणाला, "सिटिझन लोकांच्या बायकांची रांग फार मोठी असते. तुला नाही कळायचं."

'तुला नाही कळायचं' हे त्याचं आवडतं वाक्य. ज्याचं उत्तर स्वतःला येत नाही अशा प्रत्येक प्रश्नाला तो तेच चिकटवायचा.

शेवटी ती कायम रहिवाशाचं कार्ड घेऊन आली. घरात पाऊल टाकलं तर समोर तो फोटो. बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या बरोबर वर, सोनेरी चौकटीत कोट-टाय घातलेला नवरा. मागे सभागृहाचा निळा पडदा, हातात कागदी झेंडा आणि चेहऱ्यावर जग जिंकल्याचा भाव. "शपथविधीचा आहे," तो म्हणाला. "आपल्या लग्नाच्या वर्षभर आधीचा." घरी येणाऱ्या प्रत्येकाला तो फोटो दाखवला जाई. एखादा पाहुणा बघतच नसेल तर टीव्ही लावला जाई, म्हणजे मान आपोआप तिकडे वळायची.

हा नागरिक कामाला होता गाद्यांच्या दुकानात. गिऱ्हाईक आलं की आधी आपण गादीवर आडवं व्हायचं, कूस बदलून दाखवायची, "बघा, कंबरेला कसा आधार मिळतो" म्हणायचं आणि मग गिऱ्हाइकाला आडवं करायचं. या कामाला तो मॅनेजमेंट म्हणायचा. दिवसभर आडवा पडून दमलेला हा माणूस संध्याकाळी घरी येऊन सोफ्यावर पुन्हा आडवा व्हायचा आणि तिथूनच चहा मागायचा.

ती कवळ्या करायची. हे काम ती माहेरच्या त्या दीड वर्षात शिकली होती. लॅबमध्ये एका लांब टेबलाशी चार माणसं बसत आणि तिची जागा खिडकीकडची होती. दवाखान्यांतून जबड्यांची मापं यायची, त्यांचे प्लास्टरचे साचे ओतले जायचे आणि त्यावर गुलाबी मेणात एकेक दात बसवायचं काम तिचं. दात फार सरळ बसवले तर माणूस खोटा दिसतो, हे तिला पहिल्याच वर्षी उमगलं. म्हणून ती एखादा दात मुद्दाम जरासा वाकडा बसवायची. डॉक्टर चिठ्ठी पाठवायचे, 'हिच्याकडूनच करून घ्या.' रस्त्यात, दुकानात, कुठेही ती माणसाच्या आधी त्याचे दात बघायची. नवऱ्याच्या पुढच्या दोन दातांचा ब्रिज आहे आणि तोही हलक्या हाताने केलेला, हे तिने या देशात आल्या दिवशीच, विमानतळावर तो हसला तेव्हा ओळखलं होतं. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, एवढं तेव्हाच लक्षात घ्यायला हवं होतं. पण नव्या नवरीने असलं काही लक्षात घ्यायचं नसतं.

वडील गेले आणि आई तिच्या दोन्ही भावांकडे आळीपाळीने चार-चार महिने राहू लागली. राहू लागली म्हणजे तिला ठेवू लागले. चौथा महिना भरत आला की दोन्ही वहिन्यांचे एकमेकींना फोन सुरू व्हायचे, 'आता तुमची पाळी.' आईच्या तोंडात खालचे दोन दात उरले होते. सगळं भिजवून, कुस्करून खायची आणि फोनवर म्हणायची, "मला काही त्रास नाही गं. चव तर जिभेला कळते, दातांना थोडीच!" मोठा भाऊ म्हणायचा, "आता या वयात कवळी करून काय करायचंय?" अनोळखी म्हाताऱ्यांना ती आठवड्याला वीस जबडे देत होती आणि सख्खी आई हिरड्यांनी चावत होती. पोस्टाने पाठवायची तर कवळी म्हणजे काही शाल नव्हे. माप घ्यायला, चावा जुळवायला, घासत असेल तिथे कमी करायला माणूस चार-पाच वेळा समोर बसावा लागतो. आईचा पाहुणी म्हणून यायचा अर्ज दोनदा परत आला होता. आईवडिलांना कायमचं बोलावता येतं ते फक्त नागरिकाला.

म्हणजे तिला नागरिक व्हायलाच हवं होतं. नियम सोपा होता. कायम रहिवाशाला पाच वर्षं थांबावं लागतं, पण नवरा किंवा बायको नागरिक असेल आणि दोघं एकत्र नांदत असतील तर तीन वर्षं पुरतात. पाच वर्षांच्या कलमाचं पान तिने उघडलंसुद्धा नाही. घरात नागरिक आहे, भिंतीवर त्याचा फोटो आहे, मग ते वाचायचं कशाला?

तीन वर्षांच्या या सवलतीची किल्ली आपल्या खिशात आहे, हे नवऱ्याने पहिल्या महिन्यातच सांगून ठेवलं होतं. "माझ्या सहीशिवाय तुझी फाइल हलायची नाही. मी एक पत्र लिहिलं, की बाई माझ्याशी नीट वागत नाही, की संपलं." हे तो हसत सांगायचा. ती पण हसायची. अडला हरी गाढवाचे पाय धरी, आणि हिने तर ते रोज चेपले. त्याच्या डब्यात भाजी कोरडी का, म्हणून ती सकाळी लवकर उठून रस्सा करायची. शेजारच्याच गल्लीत राहणारी नणंद दर रविवारी सहकुटुंब जेवायला यायची, जाताना उरलेलं बांधून न्यायची आणि वर म्हणायची, "तुझ्या हाताला अजून आमच्या घरची चव आली नाही हं." ती म्हणायची, "येईल ताई, शिकते आहे." लॅबमधली बढती तिने सोडली, कारण त्यात घरी यायला सात वाजले असते आणि साहेबांचा चहा पाचला असायचा. हे सगळं आईच्या दातांसाठी चाललं होतं, म्हणून तिला स्वतःची लाज वाटली नाही. लाज वाटायची ती त्याची. एवढ्याशा अधिकारावर एवढा माजणारा पुरुष तिने दुसरा पाहिला नव्हता.

तीन वर्षं झाली तशी तिने अर्जाची गोष्ट काढली. तो म्हणाला, "घाई नको, सध्या बघत नाहीत." मग म्हणाला, "निवडणूक होऊ दे." मग म्हणाला, "माझं सर्टिफिकेट बँकेच्या लॉकरमध्ये आहे आणि लॉकरची चावी ताईकडे आहे." ताईला विचारलं तर ती म्हणाली, "कसली चावी?" असं करत सव्वा वर्ष गेलं. मग आई धाकट्याच्या न्हाणीघरात घसरून पडली, ओठ फाटला आणि होते ते दोन दातही गेले. त्या रात्री तिने अर्ज डाउनलोड केला, बावीस पानं छापली, आपला भाग भरला आणि सकाळी चहाबरोबर त्याच्यासमोर ठेवला. "तुमचं एकच पान आहे," ती म्हणाली.

तो ते पान घेऊन आतल्या खोलीत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. एका पानाला पाऊण तास लागला. बाहेर आला तेव्हा कपाळावर घाम होता. "सरकारी कागद आहे, विचार करून भरावा लागतो. तुला नाही कळायचं."

पुढे मुलाखतीची तयारी सुरू झाली. लग्न खरं आहे हे दाखवायला फोटो लागतात, असं त्याने कुठेतरी ऐकलं. एका रविवारी दुपारी त्याने पाच शर्ट काढले, तिला पाच साड्या-ड्रेस काढायला लावले आणि सोफ्यावर, गॅलरीत, ओट्याशी असे पाच वर्षांचे पाच संसार नणंदेकडून मोबाइलवर काढून घेतले. छापून आले तेव्हा तिने पाहिलं, पाचांपैकी तीन फोटोंत मागच्या घड्याळात चार वाजत आलेले. "काय फरक पडतो?" तो म्हणाला. "आपण काय चोर आहोत?" चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. याच्या मनात त्या वेळी पौर्णिमा होती, पण तिला ती तेव्हा दिसली नाही.

अर्ज टाकल्यावर आठ महिन्यांनी मुलाखतीचं पत्र आलं. त्यात ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'जोडीदाराने मूळ प्रमाणपत्रासह हजर राहावे.' ते वाचून नवऱ्याचं पोट बिघडलं. आदल्या दिवशी कंबर धरली. सकाळी म्हणाला, "मी आलंच पाहिजे का?" तिने त्याचा कोट बाहेर काढून ठेवला. फोटोतलाच कोट होता तो. आता बटण लागत नव्हतं.

कार्यालयातल्या त्या खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या, एक संगणक आणि कुंडीत प्लॅस्टिकचं झाड होतं. अधिकारी बाई पन्नाशीच्या होत्या. त्यांचा वरचा एक दात बाकीच्यांपेक्षा किंचित पांढरा होता. कोणीतरी रंग जुळवताना आळस केला, असं तिच्या मनात आलं आणि तिला जरा धीर आला. शपथ झाली. देशाच्या इतिहासाचे प्रश्न झाले, वाचन झालं, लेखन झालं. तिचं एकही उत्तर चुकलं नाही. मग बाईंनी नवऱ्याकडे मान वळवली.

"तुमची बायको काय काम करते?"

"दाताच्या डॉक्टरकडे असते," तो म्हणाला.

"म्हणजे काय करते?"

"म्हणजे... फोन वगैरे घेत असेल."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "मी कवळ्या करते. इथे चार वर्षं झाली."

"घड्याळ बंद आहे का तुमच्या घरचं?" बाईंनी पाच फोटो पत्त्यांसारखे टेबलावर मांडत विचारलं. बाई हसल्या. "असू द्या. लग्न तुमचं खरंच आहे, मला शंका नाही. खोटी लग्नं करणारे सगळं पाठ करून येतात. बायकोचं काम माहीत नसलेला नवरा खराच असतो." ती पोटभर हसली असती, पण त्यांचा पुढचा प्रश्न आला. "तुमचं मूळ प्रमाणपत्र?"

"गडबडीत घरीच राहिलं," नवरा म्हणाला. "लॉकरमध्ये. म्हणजे बँकेत."

"हरकत नाही. इथे दिसतं." बाईंनी संगणकात नंबर टाकला, पडदा पाहिला, अर्जाचं ते एक पान पाहिलं आणि पुन्हा पडदा पाहिला. मग लाल पेन काढलं. "तुम्ही इथे नागरिकत्वाची तारीख लिहिली आहे ती लग्नाच्या वर्षभर आधीची. आमच्याकडे तुमचा शपथविधी झाला आहे तो दोन वर्षं आणि पाच महिन्यांपूर्वी."

तिला वाटलं, बाईंची चूक होते आहे. एका नावाचे दोन लोक असतात. ती तसं म्हणणारही होती, पण तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याची दातखीळ बसली होती. आपण कोण आहोत हे भर सभेत वाचून दाखवल्यासारखा तो टेबलाच्या कडेकडे बघत होता.

"टायपिंग मिस्टेक असेल," शेवटी तो म्हणाला.

"हे हाताने लिहिलेलं आहे," बाई म्हणाल्या. "अक्षर तुमचंच ना? खोडा, खरी तारीख लिहा आणि सही करा. पुढच्या वेळी सरकारी कागदावर खोटं लिहिलंत तर मी पेन देणार नाही, दुसऱ्या खोलीत चौकशीला पाठवीन."

बाईंनी तारीख वाचून दाखवली आणि त्याने ती लिहिली. ती तारीख ऐकून तिला ती संध्याकाळ लख्ख आठवली. तिच्या वाढदिवसाचा दुसरा दिवस. वाढदिवस तो विसरला होता. त्या दिवशी तो गाद्यांच्या कंपनीच्या ट्रेनिंगला म्हणून कोट घालून गेला आणि येताना आइस्क्रीमचा मोठा डबा घेऊन आला. कशाबद्दल, असं तिने विचारलं तर म्हणाला, "सहज." उशिरा का होईना, आठवण झाली बिचाऱ्याला, असं वाटून तिने त्या रात्री त्याचे पाय चेपले होते. ते आइस्क्रीमसुद्धा तिच्यासाठी नव्हतं.

"म्हणजे माझा अर्ज...?" तिने विचारलं.

"लग्नाच्या आधारावर नाही होणार. जोडीदार पूर्ण तीन वर्षं नागरिक असावा लागतो. यांची तीन वर्षं व्हायला अजून सात महिने आहेत." बाईंनी पडद्यावर काहीतरी वर-खाली केलं आणि भुवया उंचावल्या. "पण तुम्ही कशाला थांबताय? तुम्हाला येऊन पाच वर्षं होत आली. एकोणीस दिवस राहिलेत. हा अर्ज मागे घ्या आणि विसाव्या दिवशी स्वतःच्या नावावर नवा करा."

"यांचे कागद?"

"नवऱ्याचं काही लागत नाही."

"सही?"

"नाही."

"यांनी एखादं पत्रबित्र लिहिलं तर?"

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "कशाबद्दल? तो अर्ज तुमचा असेल. त्यात नवऱ्याचं फक्त नाव विचारलेलं असतं."

गाडीत बसल्यावर तो पहिली पाच मिनिटं वाहतुकीला शिव्या देत राहिला. मग म्हणाला, "या बाईला माणसांशी बोलायची पद्धत नाही." मग म्हणाला, "तसा मी मनाने केव्हाचाच सिटिझन होतो." सिग्नलला गाडी थांबली तशी तो एकदम खाली आला. "दोनदा नापास झालो गं. इतिहास येत होता सगळा. ते मोठ्याने वाचायचं असतं ना, एकच ओळ, समोर तो माणूस बसलेला... जीभच वळायची नाही. दोन्ही वेळा. लग्नात सगळ्यांना आधीच सांगून बसलो होतो. मग कसं सांगणार?"

हे मात्र खरं होतं. तिच्या मनात क्षणभर काहीतरी हललं. वाचताना जीभ अडखळणाऱ्या माणसाला तिने रोज शेजारी बसवून शिकवलं असतं. तिच्या आईलाच लेक चौथीत जाईपर्यंत वाचता येत नव्हतं. नापास झाला म्हणून तिला त्याची घृणा वाटली नाही. घृणा याची वाटली, की हातात काहीही नसताना याने पाच वर्षं मूठ झाकून ठेवली आणि त्या रिकाम्या मुठीपुढे तिला नाचवलं.

"दिवा हिरवा झाला," ती म्हणाली. "चला."

घरी गेल्यावर तो कंबर दुखते म्हणून आत जाऊन पडला. ती बाहेरच्या खोलीत त्या फोटोसमोर उभी राहिली. शपथ झाली दोन वर्षांपूर्वी, तर मग हा फोटो कुठला? फोटो तर ती येण्याआधीपासून इथे होता. तिने खुर्ची ओढली, चौकट खाली उतरवली आणि मागचे वाकवलेले खिळे लॅबच्या चिमट्याने एकेक करून सरळ केले. पुठ्ठा निघाला. फोटो मधोमध दुमडलेला होता. तिने तो उलगडला. दुमडलेल्या अर्ध्या भागात नणंद होती, नव्या साडीत, आणि तिच्या शेजारी तिचा नवरा, भावोजी. प्रमाणपत्र भावोजींच्या हातात होतं. शपथ त्यांची झाली होती. हा मेहुणा म्हणून गेला होता, टाळ्या वाजवायला. पाहुण्यांना दारात एकेक कागदी झेंडा फुकट वाटतात, तो याच्या हातात होता.

ती खुर्चीवर बसली आणि हसू लागली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी कशाचं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. सोडलेली बढती, बांधून दिलेले डबे, चेपलेले पाय, सगळं या घडीखाली दुमडून ठेवलेलं होतं. रडून झाल्यावर ती उठली, कोपऱ्यावरच्या दुकानातून मोठी चौकट आणली, अख्खा फोटो तिच्यात बसवला आणि त्याच खिळ्यावर टांगला. संध्याकाळी तो चहासाठी बाहेर आला, भिंतीकडे बघून थबकला आणि चहा न मागताच आत गेला.

रविवारी नणंद आली. दारातूनच ओरडली, "अय्या, हा फोटो! आमच्या ह्यांच्या शपथेचा! अख्खा लावलास हो, बरं केलंस. मी याला कितीदा म्हटलं, आम्हाला का दुमडलंस रे?"

"म्हणजे ताई, तुम्हाला ठाऊक होतं?"

"आता त्यात काय ठाऊक असायचं?" नणंद चप्पल काढत म्हणाली. "लग्नाळू मुलाला थोडं वाढवून सांगावंच लागतं. आज काय केलंयस जेवायला?"

"आज काही नाही केलं," ती म्हणाली. "तुमच्या घरची चव यायची नाही माझ्या हाताला. पाच वर्षं खटपट केली. आता सोडून दिली."

भावोजी गरीब माणूस. त्यांनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा मेहुण्याकडे, आणि चपला पुन्हा पायांत घातल्या.

विसाव्या दिवशी सकाळी तिने नवा अर्ज केला. वैवाहिक स्थितीच्या पानावर नवऱ्यासाठी दोन ओळी होत्या. त्या भरायला तिला अर्धा मिनिट लागला. लॅबमधली बढतीची जागा अजून रिकामी होती, ती तिने मागून घेतली. घरी यायला सात वाजू लागले. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे एकदा सिद्ध झाल्यावर कोंबड्याचा आवाजही बसला. नवरा तिला 'दमलीस का?' विचारू लागला, स्वतः चहा करू लागला, एकदा तर त्याने तिचेच पाय चेपायला घेतले. तिने पाय आखडून घेतले. पाच वर्षं तिने खोटं गोड बोलून काढली होती, त्यामुळे खोटं गोड तिला लांबून ओळखू यायचं. आणि तिचं तरी बरं होतं, त्यामागे आई होती. याच्यामागे नुसती भीती होती.

परीक्षा पुन्हा झाली, पुन्हा एकही उत्तर चुकलं नाही. समोर त्याच अधिकारी बाई होत्या. जाताना तिने त्यांना हळूच सांगितलं, "तुमच्या वरच्या दाताचा रंग जुळवता येईल. आमच्या लॅबला चिठ्ठी पाठवायला सांगा डॉक्टरांना." बाईंनी पटकन ओठ मिटले आणि मग त्या मोकळ्या हसल्या.

शपथविधीला त्याने सोबत येऊ का, असं विचारलं. अजिजीने विचारलं. "या," ती म्हणाली. "पाहुण्यांना बसायला मागे खुर्च्या असतात. तुम्हाला माहीतच आहे." तो तोच कोट घालून आला. सभागृह तेच होतं, पडदाही तोच निळा. तिने हात वर करून शपथ म्हटली. शेजारच्या म्हाताऱ्याचे शब्द अडखळत होते, त्याच्यासाठी ती थोडी मोठ्याने म्हणत गेली. प्रमाणपत्र हातात घेतलं तेव्हा तिला नवरा आठवला नाही, देशही आठवला नाही. आईच्या वरच्या जबड्याला कुठला आकार शोभेल, याचा तिने हिशेब सुरू केला.

बाहेर व्हरांड्यात लोक फोटो काढत होते. नवरा मोबाइल सरसावून पुढे आला. "मोठा फोटो करून लावू आपण. दोघांचा." तिने त्याच्या हातातून मोबाइल घेतला, दारातल्या टोपलीतून एक कागदी झेंडा उचलला आणि त्याच्या हातात दिला.

"धरा," ती म्हणाली. "तुम्हाला सवय आहे."

त्याने धरला. टाकायचीही हिंमत झाली नाही आणि हलवायचीही नाही. तोवर ती पर्समधून आईच्या अर्जाची पानं काढून त्याच इमारतीतल्या दुसऱ्या खिडकीकडे निघाली होती. तो झेंडा घेऊन मागे मागे आला.

"अगं, पण आई आल्यावर झोपतील कुठे? दोनच खोल्या आपल्या."

"पलंगावर. माझ्या शेजारी."

"आणि मी?"

तिने रांगेतला नंबर घेतला आणि मग त्याच्याकडे वळून पाहिलं.

"तुमच्या दुकानात गाद्यांना काय तोटा आहे?" ती म्हणाली. "कंबरेला आधारही चांगला मिळतो म्हणे."

तेवढ्यात खिडकीवर तिचा नंबर लागला आणि ती पुढे झाली.